मोहिद्दीनभाईंनी तेल बदललं

आमच्या इमारतीत कुणाचा नळ गळायला लागला किंवा कुणाचा एसी ठिबकायला लागला, की मोहिद्दीनभाई खतीब तिथे हजर होतात. दुरुस्त काही करत नाहीत. कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि "हे आधीच बघायला हवं होतं," असं सांगतात. हे काम ते वर्षानुवर्षं बिनपगारी करत आले आहेत. इथे अमिरातीत, रास अल खैमात, ते त्यांच्याइतकं मन लावून दुसरं कुणी करत असेल असं मला वाटत नाही.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघं एकाच टाइल्सच्या कारखान्यातून निवृत्त झालो. ते डिस्पॅचला होते, मी स्टोअरमध्ये. मला लिहायची सवय नाही आणि हे नीट उतरेल याचा भरवसा त्याहून नाही. पण मोहिद्दीनभाईंवर दुसरं कुणी लिहिणार नाही हे नक्की, कारण त्यांच्या बाबतीत लिहिण्यासारखं असं काही घडतच नाही. घडलं ते एकदाच, त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीचं तेल बदललं तेव्हा.

माणूस रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. मिसरूड फुटलं तेव्हा इकडे आले, ते आधी खोर फक्कानच्या बंदरावर कंटेनर मोजायला. मग टाइल्सच्या कारखान्यात लागले आणि तिथे त्यांना आपली कला सापडली. ती कला म्हणजे पॅकिंग. मोहिद्दीनभाईंनी बांधलेल्या खोक्यातली टाइल फुटल्याची तक्रार कधी आली नाही. आली असेल तर त्यांनी ती मान्य केली नाही. निवृत्तीनंतर कारखान्याने त्यांना एक घड्याळ दिलं. ते घड्याळ त्यांनी त्याच आठवड्यात गावाला पाठवलं.

गावाला पाठवणं हा त्यांच्या आयुष्याचा मूळ धंदा; नोकरी हा जोडधंदा. त्यांच्या हॉलमध्ये दरवाजामागे एक मोठं खोकं कायम उघडं असतं. घरात नवीन येणारी प्रत्येक वस्तू आधी त्या खोक्यात जाते. नियम साधा आहे: नवं गावाला, जुनं आपल्याला. त्यांच्या घरचा टॉवेल इतका विरलेला, की त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. मला तिथे नेहमी कान तुटलेल्या कपात चहा मिळाला. माझ्या समोरच, दरवाजामागे, सहा कपांचा नवा सेट बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये शांत झोपलेला असायचा.

गावी त्यांच्या भावाच्या घरात या वस्तूंसाठी शोकेस केलंय, असं त्यांच्या बायकोने, बानूभाभींनी, एकदा मला सांगितलं. भाऊ त्या वस्तू वापरत नाही. "दुबईच्या आहेत, मोहिद्दीन आला की काढू," म्हणतो. मोहिद्दीनभाई गावी जातात तेव्हा म्हणतात, कशाला काढता, खराब होतील. अशा रीतीने दोन देशांत मिळून कुणीच काही वापरत नाही, आणि दोन्हीकडे सगळे समाधानी आहेत.

तर गाडी. त्यांची जपानी सेडान, मूळची पांढरी. आता तिचा रंग कुठला हे सांगणं कठीण आहे, कारण आमच्या भागातल्या सिमेंटच्या धुळीत सगळ्याच गाड्यांचा एक रंग होतो. निवृत्तीनंतर मोहिद्दीनभाईंचा व्हिसा मुलीने काढला. ज्याने जन्मभर मुलीचा व्हिसा काढला, तो आता मुलीच्या व्हिसावर आहे, याची बोच त्यांना असावी. ते दाखवत नाहीत. सुमैय्या अबुधाबीला, अल रीम आयलंडवर, काचेच्या उंच टॉवरमध्ये राहते आणि ऑडिटचं काम करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. शनिवार-रविवारी ती ही सेवा वडिलांना मोफत देते.

गॅरेजवाल्याने तेल बदलायचे पंचाऐंशी दिरहम सांगितले, तिथून सगळं सुरू झालं.

"पंचाऐंशी! म्हणजे दोन हजार रुपये!" मोहिद्दीनभाई माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मीच ते मागितले होते.

पगार दिरहममध्ये सांगायचा आणि खर्च रुपयांत. त्यामुळे पगार लहान दिसतो, खर्च मोठा दिसतो. गरिबी टिकवून धरायचा हा आमच्याकडचा खात्रीचा उपाय आहे.

"विष्णूभाऊ, मोबाईलवर व्हिडिओ बघितला. दहा मिनिटांचं काम आहे. खालचा बोल्ट काढायचा, तेल सोडायचं, फिल्टर बदलायचा, बोल्ट लावायचा, नवं तेल घालायचं. खलास."

"तुम्ही याआधी केलंय कधी?"

"बंदरात जहाजं बघितलीत मी," ते म्हणाले. हे उत्तर कसं झालं ते मला कळलं नाही, पण त्यांचा आवाज इतका खात्रीचा होता की मी पुढे विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी इमारतीमागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत, जिथे आम्ही सगळे गाड्या लावतो, मोहिद्दीनभाई कारखान्याचा जुना युनिफॉर्म चढवून उतरले. माझ्याकडे त्यांच्यावर छत्री धरायचं काम होतं. तेही त्यांच्या मते मला नीट जमत नव्हतं. थोड्याच वेळात आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार तहा, येऊन उभा राहिला.

"हाजीसाब, यहाँ गाडी खोलना मना है. बलदियावाला देखेगा तो मुखालफा लिखेगा."

"अरे, खोल कहाँ रहा हूँ? तेल बदल रहा हूँ. जानवर को पानी पिलाना भी मना है क्या?"

"जानवर होता तो मैं कुछ नहीं बोलता," तहा म्हणाला आणि बलदियाचा, म्हणजे पालिकेचा, दंड झालाच तर आपल्याला दिसू नये म्हणून सावलीत जाऊन बसला.

इतक्यात बाल्कनीतून बानूभाभींचा आवाज आला. "अहो, माझी परात कुठे नेलीत? बिर्याणीची?"

"तेल झेलायला!"

"कसलं तेल?"

"इंजिनाचं!"

बाल्कनीचं दार बंद झालं. भाभींचा राग कधी आवाजात नसतो, दारात असतो.

परात भरत आली तसं मोहिद्दीनभाईंनी मला दुसरं भांडं आणायला वर पाठवलं. भाभींसमोर उभं राहून भांडं मागायचं धाडस गोळा करण्यात माझा बराच वेळ गेला. मी रिकाम्या हाताने खाली आलो, तोवर फिल्टर बसला होता, बोल्ट बसला होता आणि मोहिद्दीनभाई नवं तेल ओतत होते. मग त्यांनी गाडी सुरू केली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "बघा. आवाज बदलला."

मला तो तसाच वाटला. पण मला काय कळतं?

त्यानंतर त्यांनी इमारतीत भेटेल त्या माणसाला गॅरेजवाले कसे लुबाडतात हे समजावलं. गाडी रोज वाळूवर उभी राहत होती. वाळू मोठी समजूतदार असते. जे काही पडतं ते निमूट गिळते. त्यामुळे मोहिद्दीनभाईंच्या कर्तृत्वाला कुठेच डाग दिसला नाही.

डाग दिसला तो अल रीम आयलंडवर.

पुढच्या शनिवारी ते दोघं सुमैय्याकडे निघाले. मला अबुधाबीत डोळे दाखवायचे होते, म्हणून मीही मागच्या सीटवर होतो. सुमैय्याच्या टॉवरचं पार्किंग आमच्या हॉलपेक्षा स्वच्छ आहे. जमीन अशी गुळगुळीत आणि राखाडी, की चप्पल काढून चालावंसं वाटतं. रात्री तिथेच राहिलो. सकाळी नाश्त्याला बसलो असताना सुमैय्याने फोन टेबलावर आडवा ठेवला आणि वडिलांकडे सरकवला. टॉवरच्या ऑफिसने फोटो पाठवला होता. मोहिद्दीनभाईंची गाडी, तिच्याखाली बशीएवढा काळा डाग, आणि डागाभोवती कुणीतरी प्रेमाने काढलेलं लाल वर्तुळ.

"पपा, युअर कार इज लीकिंग."

"एसीचं पाणी असेल."

"पाणी काळं नसतं, पपा."

"जमिनीला उतार आहे इथे. दुसऱ्या कुणाचं तेल वाहत आलं असेल."

सुमैय्याने माझ्याकडे बघितलं. "विष्णू अंकल, उतार आहे?"

मी पाव खात होतो. तो मी बराच वेळ खाल्ला.

"लिसन, पपा. नेक्स्ट मंथ गाडीचं पासिंग आहे. ऑइल लीक असेल तर ते फेल करणार. फेल झाली तर सेल इट. आणि मग तुम्ही दोघं इथे, माझ्याकडे. तिथे गाडीशिवाय काय करणार आहात? आय हॅव द रूम. दॅट्स द डील."

"डील? बापाशी डील?"

"तुम्हीच शिकवलंत. जे बोलायचं ते लोडिंगच्या आधी बोलायचं."

मोहिद्दीनभाईंनी चहा ढवळला. त्यात साखर नव्हती, तरी ढवळला. "आणि पास झाली तर?"

"तर मी गाडीचं नाव काढणार नाही. घराचंही नाही. प्रॉमिस."

"ठरलं. पण एक सांगतो, मी माझ्यासाठी बोलत नाहीये. बानूला इथे करमणार नाही. तिला मासळीबाजार लागतो, शेजारपाजार लागतो. इथे काय आहे? लिफ्ट."

बानूभाभी खिडकीशी उभ्या होत्या. खाली खारफुटी, मधून वाहणारं हिरवं पाणी आणि त्याच्या कडेने चालणाऱ्या दोन-तीन बायका दिसत होत्या. भाभी काही बोलल्या नाहीत. तो होकार समजण्यात आला.

परतीच्या अडीच तासांत मोहिद्दीनभाईंनी गळतीची कारणं सांगितली. एक, यंदाचं ऊन. दोन, अबुधाबीचा रस्ता. त्यावर गाडीला पळावं लागतं. तीन, मागच्या वेळी ज्या गॅरेजवाल्याने तेल बदललं त्याने मुद्दाम काहीतरी करून ठेवलं असणार. या यादीत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं आणि ते सुचवायला मी काही पुढे झालो नाही. मला अजून घरी पोहोचायचं होतं.

मग दुरुस्तीचा मोसम सुरू झाला. आधी त्यांनी इंजिनात गळती थांबवण्याचं औषध घातलं. बाटलीवर एक हसरं इंजिन काढलं होतं. गाडी हसली नाही. रोज सकाळी खाली पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर डाग. मग ते पुठ्ठे त्यांनी जपून ठेवायला सुरुवात केली, आणि संध्याकाळी माझ्याकडे घेऊन येत.

"हा कालचा. हा आजचा. आजचा लहान आहे ना?"

"सारखाच वाटतो."

"तुम्ही डोळे दाखवून आलात ना नुकतेच?"

शेवटी त्यांनी व्हिडिओत बघून एक खरोखरीची शहाणी गोष्ट केली. गाडीचं पोट साबणाच्या फडक्याने पुसलं, सुकू दिलं आणि त्यावर भाभींची पावडर फासली. जुन्या डब्यातली, नवा डबा खोक्यात होता. मग गाडी एक फेरी फिरवून आणली आणि आम्ही दोघं गुडघ्यांना शिव्या देत खाली वाकलो. पांढऱ्याशुभ्र पावडरीतून एकच काळी रेघ उतरली होती. ती निघत होती खालच्या बोल्टापासून. म्हणजे ज्या एका बोल्टाला मोहिद्दीनभाईंनी स्वतः हात लावला होता, बरोब्बर त्याच्यापासून.

मग त्यांनी पाना घेतला आणि बोल्ट आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, पुन्हा आवळला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पान्याला लोखंडी नळी जोडली, जास्त जोर लागावा म्हणून.

"मोहिद्दीनभाई, आटे जातील. मग इंजिनाचा खालचा डबाच बदलावा लागेल."

"विष्णूभाऊ, तुम्ही स्टोअरवाले. तुमच्या हातून आयुष्यात कधी काही सैल झालं नाही, घट्टही झालं नाही. तुम्ही फक्त छत्री धरा."

"छत्री आज आणलेली नाही."

"बघा," ते म्हणाले.

पण नळी त्यांनी काढून ठेवली. त्या संध्याकाळी ते पुठ्ठा घेऊन आले नाहीत. पासिंगची तारीख जवळ आली होती. मला पहिल्यांदाच जाणवलं की माणूस घाबरलाय. गाडी विकली तर काय, एक गाडी गेली. पण मग हे घर जाणार, तो दरवाजामागचा कोपरा जाणार, इमारतीतल्या गळत्या जाणार. सुमैय्याच्या एकतिसाव्या मजल्यावर कुणाचा नळ गळतो ते कमरेवर हात ठेवून बघायला कोण बोलावणार? तिथे त्यासाठी ऑफिस आहे.

दुसऱ्या दिवशी कार्गोवाला येणार होता. खोकं भरलं होतं, वरून टेप मारून झाली होती. मी सकाळी चहाला गेलो तेव्हा भाभींनी टेपची एक कड उचलून आत हात घातला होता. पुतण्या अक्रमसाठी घेतलेले मोजे राहून गेले होते. हात बाहेर आला तेव्हा त्यात नखाएवढी प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत एक चकचकीत चकती, मधे भोक असलेली.

"अहो, हा छल्ला कुणासाठी घेतला?"

मोहिद्दीनभाई वर्तमानपत्रातून म्हणाले, "तो अक्रमसाठी. त्याची गाडी आपल्याच कंपनीची आहे. वॉशर आहे तो. नवा कोरा."

"विकत आणला?"

"छे. फिल्टरच्या खोक्यात निघाला. असाच."

मी कप खाली ठेवला. चाळीस वर्षं स्टोअरमध्ये काढल्यावर एक गोष्ट कळते: खोक्यात असंच काही निघत नाही. "मोहिद्दीनभाई, मग बोल्टाला कुठला लावलात?"

"जुना होता की. चांगला होता."

"व्हिडिओतल्या माणसाने नवा लावायला सांगितलं होतं?"

"तीनदा," ते म्हणाले. "त्याला काय, त्याला गाव नाही."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. कंटेनरला चेहरा असतो का ते मला माहीत नाही, पण चुकीच्या जहाजावर चढलेल्या कंटेनरचा चेहरा त्या वेळच्या मोहिद्दीनभाईंसारखाच असावा.

वॉशर मऊ धातूचा असतो. एकदा आवळला की तो बोल्टाच्या मापाने चपटा होतो आणि फटी बुजवतो. दुसऱ्यांदा तो काही करत नाही, नुसता सोबत करतो. हे मी सांगायला लागलो, पण कुणी ऐकत नव्हतं, कारण भाभी हसायला लागल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. आणि मग हसणं कुठे थांबलं ते मला कळलं नाही, पण डोळे पुसून त्या उठल्या तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"गाडीचा वॉशरसुद्धा गावाला," त्या म्हणाल्या. "तिकडे तुमचा भाऊ तो शोकेसमध्ये ठेवेल. कपांच्या शेजारी."

त्यांनी टेप धरली आणि ओढली. मोहिद्दीनभाईंनी मारलेल्या टेपला कारखान्यात सुरी लागायची. भाभींनी ती नखांनी काढली. मग एकेक वस्तू बाहेर यायला लागली. टॉवेल. कुकर. पावडरचा डबा. चादरी. सहा कपांचा सेट.

"बानू, काय करतेस? कार्गोवाला येतोय."

"येऊ दे. त्याला चहा देते. कानवाल्या कपात."

"अगं, ते गावचे काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील आणि मग शोकेस पुसतील." त्यांनी माझ्या हातातला कान तुटलेला कप काढून घेतला, उरलेल्या चहासकट, आणि नवा कप विसळायला सिंककडे गेल्या. तिथूनच, पाठ वळवून, नळाच्या आवाजावर त्या बोलल्या. "आणि मला अबुधाबीला करमणार नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मोहिद्दीनभाई उभे राहिले. पुन्हा बसले. "म्हणजे, करमेल?"

"मला विचारलं कुणी?"

"विचारतो की. आत्ता विचारतो."

"आत्ता नाही. आधी गाडी नीट करा. नाहीतर म्हणाल, बायकोमुळे हरलो."

मी नव्या कपातला चहा प्यायलो. इतक्या वर्षांनी मला तो कप पकडता येईना. बोटं सवयीने कान नसलेल्या बाजूलाच जात होती.

पुढची गोष्ट खरोखरच दहा मिनिटांची होती. गाडी थोडी फिरवून तेल कोमट केलं, बोल्ट काढला आणि तेल पातेल्यात उतरवलं. यासाठी मोहिद्दीनभाईंनी नवं पातेलं मागितलं होतं, तेल स्वच्छ राहावं म्हणून. भाभींनी जुनं दिलं, घासून, पोचे आलेलं. "नवं मी वापरणार," म्हणाल्या. बोल्टावरून निघालेला जुना वॉशर एका कडेला दबून बशीसारखा झाला होता. मोहिद्दीनभाईंनी तो उन्हात धरून बघितला आणि बिस्मिल्ला म्हणून नवा चढवला. बोल्ट आधी हाताने फिरवला, मग पान्याने बेताने आवळला. नळी जोडली नाही. तेल मलमलच्या फडक्यातून गाळून परत ओतलं. तहा लांबून बघत होता. "हाजीसाब, हो गया?" त्याने विचारलं.

"इन्शाल्ला," मोहिद्दीनभाई म्हणाले. मागच्या वेळी ते "खलास" म्हणाले होते. त्यांच्यात झालेली ही सुधारणा माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आली नाही.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरा. तिसऱ्या दिवशी कोरा. मोहिद्दीनभाईंनी इमारतीतल्या लोकांना खाली नेऊन पुठ्ठा दाखवला. लोक वाकून बघत, तिथे काही नसे, आणि "वा," म्हणून कामाला जात. न पडलेलं तेल बघायला एवढी गर्दी आमच्या भागात पूर्वी झाली नसावी.

पासिंगला मी बरोबर गेलो. गाडी खड्ड्यावर उभी करतात आणि तपासणारा माणूस खड्ड्यात उभा राहून खालून टॉर्च मारतो. मोहिद्दीनभाई कडेला उभे राहून ओठ हलवत होते. माणूस वर आला, मशीनवर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, पास.

"खाली बराबर देखा ना?" मोहिद्दीनभाईंनी विचारलं. "बोल्ट के पास? पावडर का निशान होगा थोडा."

"पास है, हबीबी. खलास. यल्ला, पीछे गाडी खडी है."

"मतलब, बिल्कुल सूखा है ना?"

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मोहिद्दीनभाई गाडीत बसले. आयुष्यातली सगळ्यात मोठी दुरुस्ती करावी आणि कुणी दोन शब्द बोलू नये, हे त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी पासिंगच्या कागदाचा फोटो सुमैय्याला पाठवला. तिच्याकडून एक अंगठा आला. तो अंगठा त्यांनी मला घरी पोहोचेपर्यंत दाखवला. "हरली की नाही? बोला, हरली की नाही?" मला त्या अंगठ्यात हरल्याचं काही दिसलं नाही. एक खोली रिकामी ठेवून वाट बघणाऱ्या मुलीने घाईत दाबलेला अंगठा असेल तर तो असाच दिसेल, एवढंच मनात आलं.

त्या रात्री जेवताना त्यांनी भाभींना अबुधाबीचं विचारलं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा भाभी बॅग घेऊन खाली उतरल्या. बॅगेत नवे टॉवेल होते.

"चार दिवस जाऊन येते म्हणाली," मोहिद्दीनभाई मला म्हणाले आणि स्वतःच्या दुरुस्त गाडीने त्यांना अबुधाबीला सोडून आले.

चार दिवस झाले, आठ झाले. मोहिद्दीनभाई आता दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर तिकडे जातात आणि रविवारी परत येतात. मधले दिवस ते सकाळी मासळीबाजारात एकट्यासाठी मासे घेतात आणि ते कसे करायचे हे फोनवर विचारतात. गाडी वाचली, घर वाचलं. घरात फक्त कुणी नसतं.

गेल्या शुक्रवारी डोळ्यांच्या फेरतपासणीसाठी मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो. दार भाभींनी उघडलं. पायांत चालायचे नवे बूट होते. खारफुटीच्या कडेने चालणाऱ्या त्या बायकांत आता त्याही असतात, असं समजलं. त्यांच्यातली केया नावाची बंगाली बाई त्यांना माशांवरून चिडवते आणि त्या तिला चिडवतात. सुमैय्या लॅपटॉपमागे होती. तिने दिलेला शब्द काटेकोर पाळला. गाडीचं नाव काढलं नाही, घराचंही नाही. फक्त वडिलांच्या पाठीमागे उशी आणून ठेवली.

मोहिद्दीनभाईंनी चहा संपवला, खिडकीतून खाली बघितलं, घसा साफ केला.

"मग, बानू. रविवारी निघू या ना?"

"कुठे?"

"घरी."

"बाजारात सुरमई चांगली येते का अजून?"

"येते. परवाच बघितली. पण एकट्याला कशाला घेऊ?"

"मग पुढच्या शुक्रवारी येताना घेऊन या. बर्फात नीट बांधा, तुम्हाला येतं ते. पापलेट नको, इथे मिळतं."

"म्हणजे, तू येत नाहीस?"

भाभींनी त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवली.

"तुमची गाडी पास झालीय ना?" त्या म्हणाल्या. "मग तुम्ही या की."